मूत्रातली साक्ष आणि आपली घाई

ऑगस्ट २०१४ मध्ये चीनमधल्या चेंग्डूच्या पांडा संवर्धन केंद्रातून आलेली एक बातमी जगभर चवीने वाचली गेली. आय हिन नावाच्या मादीच्या बाळंतपणाचे थेट प्रक्षेपण व्हायचे होते. ते रद्द करावे लागले, कारण ती गाभण नव्हतीच. जुलैमध्ये तिची भूक मंदावली होती, हालचाल कमी झाली होती, संप्रेरकांची पातळी चढली होती. काही आठवड्यांनी हे सारे आपोआप पूर्वपदावर आले. बातमीला एक खुलासाही जोडलेला होता. गाभण वाटणाऱ्या मादीला वातानुकूलित स्वतंत्र खोली, चोवीस तास देखभाल आणि फळे, पाव, बांबू यांचा वाढीव खुराक मिळतो. काही हुशार माद्यांच्या हे लक्षात येते आणि लक्षणे ओसरल्यावरही त्या तशाच वागत राहतात, असा तो खुलासा. झाले. ‘फळांसाठी गरोदरपणाचे सोंग करणारी पांडा’ हा किस्सा तेव्हापासून फिरतोच आहे, आणि कुठल्याही प्राणिसंग्रहालयातून ‘संप्रेरके वाढली आहेत, पिल्लाची शक्यता आहे’ असे कळले व पुढे पिल्लू झाले नाही, की तो पुन्हा नव्याने सांगितला जातो.

यावर जो वाद घातला जातो तो दोन ठरलेल्या बाजूंनी. एक बाजू हसून म्हणते, प्राणी माणसाइतकाच लबाड आहे. दुसरी बाजू चिडून म्हणते, प्राणी बिचारा काय करणार; संप्रेरके मोजणाऱ्या या मूत्राच्या चाचण्याच कुचकामी आहेत, आणि संग्रहालये त्या तिकीटविक्रीसाठी पुढे करतात. मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात, आणि त्यांची चूक एकाच जागी आहे. दोघींनीही असे धरून चालले आहे की मूत्राची चाचणी ‘गाभण आहे की नाही’ या प्रश्नाला होय किंवा नाही असे उत्तर देते. मग उत्तर चुकले की कोणीतरी खोटे बोलले असले पाहिजे. माझे म्हणणे असे की, मूत्रातील संप्रेरकांची रोजची तपासणी हे बंदिस्त वन्य प्राण्याची आतली अवस्था जाणून घेण्याचे आपल्याला सापडलेले सर्वांत सभ्य साधन आहे, ते आपल्याकडच्या संग्रहालयांतही रुजले पाहिजे, पण त्यातल्या एखाद्या चढत्या आकड्यावरून बारशाची तयारी करण्याचा हक्क ना संग्रहालयाला आहे ना आपल्याला.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते, हे वादात कोणी सांगत नाही, म्हणून आधी ते पाहू. पहाटे मादी शेजारच्या कक्षात सरकवली जाते. रखवालदार सुई नसलेली सिरिंज घेऊन फरशीवर उकिडवा बसतो आणि सांडलेले मूत्र, त्यात धुण्याचे पाणी किंवा विष्ठा मिसळलेली नाही हे पाहून, ओढून घेतो. चार-पाच मिलिलीटर पुरते. छोट्या नळीवर प्राण्याचे नाव आणि तारीख पडते आणि नळी शीतपेटीत जाते. प्रयोगशाळेत ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या तबकडीत तो नमुना आणि प्रयोगशाळेत बनवलेले, रंग उमटवणाऱ्या विकराशी जोडलेले संप्रेरक यांची एकाच प्रतिपिंडासाठी चढाओढ लावली जाते. नमुन्यात प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भारपण टिकवणारे संप्रेरक, जितके जास्त, तितका खळग्यातला रंग फिका. मग एक दुरुस्ती करावी लागते. मादीने रात्री पाणी जास्त प्यायले असेल तर मूत्र पातळ असते आणि आकडा फसवा येतो. म्हणून त्याच नमुन्यातले क्रिएटिनिन, म्हणजे शरीर जवळपास एकाच वेगाने बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, मोजून त्याच्या प्रति मिलिग्रॅम किती नॅनोग्रॅम संप्रेरक आहे ते काढतात. असा एक आकडा फारसे काही सांगत नाही. असे शंभर दिवसांचे शंभर आकडे आलेखावर मांडले की मादीचे अंतरंग उलगडू लागते, आणि या सगळ्यात तिला भूल दिलेली नसते, दोरीने बांधलेले नसते, एक टोचणीही झालेली नसते.

आता पांडाच्या त्या आलेखात काय दिसते? मादी वर्षातून एकदाच, वसंतात, माजावर येते आणि गर्भधारणेची खरी संधी जेमतेम एक-दोन दिवस टिकते. मूत्रातले इस्ट्रोजेन हे माजाचे संप्रेरक चढून एकदम कोसळले की बीज सुटले असे समजते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन सावकाश चढू लागते, आणि कित्येक आठवड्यांनी दुसऱ्यांदा, या वेळी वेगाने, उसळी घेते. या दुसऱ्या उसळीनंतर साधारण चाळीस ते पन्नास दिवसांनी ते पुन्हा तळाला येते, आणि त्या सुमारास एकतर पिल्लू जन्मते किंवा काहीच जन्मत नाही. गोम इथे आहे. गर्भ असो वा नसो, आलेख सारखाच चढतो, सारखाच उतरतो. पांडाच्या शरीराची रचनाच अशी आहे की बीज सुटल्यावर ते गर्भारपणाच्या वाटेने चालू लागते. गर्भ गर्भाशयात रुजण्यापूर्वी कित्येक आठवडे तरंगत राहत असल्यामुळे ‘गर्भ आला की मग तयारी करू’ अशी सोय त्या शरीराला नाही. ते आधी तयारी करते. भूक मंदावणे, गुहेत पडून राहणे, बांबूच्या कांड्या गोळा करून घरटे रचणे, एखादी वस्तू पिल्लासारखी छातीशी धरणे, हे सारे त्या तयारीचाच भाग आहे. मग आय हिनने सोंग केले असे म्हणायचे कशाच्या बळावर? वाढीव फळे दिसल्यावर एखादा प्राणी कोपऱ्यात जास्त वेळ बसेलही, शिकणे ही गोष्ट प्राण्यांना नवी नाही. पण फळांच्या लोभाने कोणालाही आपले प्रोजेस्टेरॉन चढवता येत नाही.

आमच्या घरी एक कुत्री होती. दरवेळी माज सरल्यावर साधारण दोन महिन्यांनी ती खाटेखाली एक जुना मोजा, पोराचा रबरी बेडूक आणि आईच्या चपलेचा एक पाय नेऊन ठेवायची आणि त्यांच्याभोवती अंग वळवून पडायची. कोणी जवळ गेले की गुरगुरायची. तिच्या सडांना दूध यायचे. तिला कधीही कुत्रा लागलेला नव्हता. आई तिला रागवत नसे. चपलेचा दुसरा पाय उचलून ठेवून पंधरा दिवस जुन्या वहाणा वापरत असे. ती कुत्री नाटक करते आहे असे घरात कोणाच्या मनातही आले नाही, कारण गुरेढोरे पाळलेल्या पिढीला देहाचे हे वेळापत्रक ठाऊक होते. आपण या अवस्थेला ‘खोटी गर्भावस्था’ म्हणतो आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. गर्भ नसतो हे खरे, पण बाकीची अवस्था तंतोतंत खरी असते. ‘गर्भाविना गर्भावस्था’ हा शब्द लांबलचक वाटेल, पण तो निदान मादीवर आरोप करत नाही.

असे आरोप माणसांवरही झालेले आहेत. इंग्लंडची राणी पहिली मेरी १५५४ च्या अखेरीस गर्भवती असल्याचे जाहीर झाले. देशभर प्रार्थना झाल्या, १५५५ च्या एप्रिलमध्ये ती प्रथेप्रमाणे हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात बाळंतपणासाठी एकांतात गेली, आणि महिनाअखेरीस पुत्रजन्माच्या खोट्या वार्तेवर लंडनमध्ये घंटाही वाजल्या. मे गेला, जून गेला, जुलै गेला. ऑगस्टमध्ये राणी मूल न होताच बाहेर आली. तिचे पोट वाढले होते, तिला दूध आल्याच्याही नोंदी आहेत, तरी राजदरबारात कुजबुज होती ती कुठलेतरी परके मूल आणून गादीवर बसवण्याच्या कटाची. राणीच्या वैद्यांपाशी तिच्या पोटात काय चालले आहे हे पाहण्याचे कुठलेही साधन नव्हते, हे समजून घेता येते. पण घंटा वाजवण्याची घाई कोणी केली? ज्याला वारस हवा होता त्याने, आणि ज्याला बातमी हवी होती त्याने. चेंग्डूमध्ये कॅमेरे मांडणाऱ्यांची गोष्ट याहून फारशी वेगळी नाही, आणि दोन्ही ठिकाणी शेवटी बोल लागला तो त्या देहाला.

विरोधकांच्या बाजूने जे सर्वांत बळकट आहे ते मान्य करून पुढे जायला हवे. एडिनबराच्या प्राणिसंग्रहालयात तिएन तिएन ही मादी डिसेंबर २०११ मध्ये आली. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ती गाभण असल्याचे मानले जाते असे संग्रहालयाने सांगितले, ऑक्टोबरमध्ये गर्भ गेल्याचे सांगितले. २०१४ मध्ये जवळपास तेच पुन्हा घडले. नंतरच्या वर्षांतही आशा आणि निराशेचा हा खेळ चालू राहिला. आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती जोडी एकही पिल्लू न होता चीनला परत गेली. बारा वर्षे ज्यांनी या बातम्या वाचल्या त्यांनी वैतागून ‘तुमची चाचणी तुमच्यापाशी ठेवा’ म्हटले तर त्यांना दोष देता येणार नाही. पैशांचा मुद्दाही पोकळ नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयाने २००० साली चीनशी जो करार केला तो दहा वर्षांसाठी एक कोटी डॉलरचा होता. एवढे देऊन आणलेल्या प्राण्याचे पिल्लू ही संग्रहालयाची गरज होऊन बसते, आणि गरजवंताने दिलेली बातमी ऐकणाऱ्याने सावध असलेच पाहिजे. तिसरा मुद्दा डॉक्टर मंडळी मांडतात: सोनोग्राफीत गर्भ दिसतो, हृदयाचा ठोका दिसतो, मग मूत्राच्या अप्रत्यक्ष पुराव्याची गरजच काय?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण तो सर्वांत शास्त्रीय वाटतो. वॉशिंग्टनची मेई शियांग ही मादी सोनोग्राफीसाठी आपणहून पडून राहायला शिकवलेली होती. मधाच्या पाण्यासाठी ती पोटावर यंत्र फिरवू देत असे. तरीही २०१३ मध्ये ऑगस्टच्या सुरुवातीच्या सोनोग्राफीत गर्भ दिसला नाही, आणि त्यानंतर तिने यंत्र जवळ येऊच दिले नाही. २३ ऑगस्टला बाओ बाओ जन्मली. याचे कारण पांडाच्या पिल्लाच्या आकारात आहे. ते जन्मते तेव्हा जेमतेम शंभर ग्रॅमचे, आईच्या वजनाच्या सुमारे नऊशेव्या हिश्शाइतके असते. शेवटचे दोन-तीन आठवडे सोडले तर एवढ्या मोठ्या पोटात पाहण्यासारखे फारसे काही नसते. २०२० मध्ये तिच्या पोटातले पिल्लू सोनोग्राफीत दिसले ते जन्माच्या फक्त आठवडाभर आधी. सोनोग्राफी गर्भ दाखवते, पण ती कधी करायची हे मूत्राचा आलेख सांगतो. आणि ज्या वाघिणीला, अस्वलिणीला किंवा बिबट्याच्या मादीला असे शिकवलेले नाही, तिची सोनोग्राफी करायची म्हणजे बंदुकीने भुलीचे इंजेक्शन मारायचे. पोटात पिल्ले असण्याची शंका असताना ती खात्री करून घेण्यासाठी तिला भूल द्यायची, यात कसले शहाणपण आहे? आपला पशुवैद्य कोपरापर्यंत हातमोजा चढवून गायीची गाभण तपासणी करतो तेव्हा गाय खोड्यात उभी असते आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसाळलेली असते. वाघिणीला खोडा नाही.

मेई शियांगची कहाणी चाचणीच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगते. २००५ मध्ये ताय शान झाल्यानंतर २००७ पासून ती ओळीने पाच वर्षे गर्भाविना गर्भावस्थेतून गेली. वर्तमानपत्री हिशेबाने पाहिले तर पाच वेळा ‘खोटी’ बातमी. पण त्या पाच वर्षांत तिच्या मूत्राचे जे नमुने साठत गेले, त्यांतून तिचे शरीर कोणत्या आठवड्यात चढते, दुसरी उसळी कधी येते, तळ कधी गाठला जातो, याचे तिचे स्वतःचे वेळापत्रक हाती आले. सप्टेंबर २०१२ मध्ये पिल्लू झाले ते आठवड्याभरात गेले. पुढच्या वर्षी बाओ बाओ जगली, २०१५ मध्ये जुळ्यांतला बेई बेई जगला, आणि २०२० मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, गोठवून ठेवलेल्या वीर्यापासून शियाओ ची जी झाला. चोवीस तास पहारा कधी बसवायचा, गुहेभोवतीचा आवाज कधी बंद करायचा, उबवणपेटी कधी तयार ठेवायची, हे त्या आलेखावरून ठरत होते. आणि हे ठरवण्यासाठी आत गर्भ आहे की नाही हे कळण्याची गरजही नव्हती. प्रोजेस्टेरॉन तळाला पोचायच्या दिवशी माणसे जागी असणे पुरेसे होते. पांडाला जुळे झाले तर आई बहुधा एकालाच सांभाळते. दुसरे वाचवायचे असेल तर पहिल्या काही तासांतच हालचाल करावी लागते. ज्या आकड्याला बाहेरचे लोक ‘फसवा’ म्हणत होते, त्याच आकड्यावर आतली माणसे रात्रपाळ्या लावत होती.

चाचणीविषयीच्या अपेक्षा इतक्या चुकीच्या का, याचे उत्तर माणसाच्या घरगुती चाचणीत आहे असे मला वाटते. औषधाच्या दुकानातली पट्टी दोन रेघा दाखवते आणि निकाल लागतो. ती पट्टी प्रोजेस्टेरॉन पाहतच नाही. गर्भाच्या वारेकडून येणारे एक वेगळे संप्रेरक ती ओळखते, जे गर्भाविना सहसा नसतेच. हे नशीब माणसाला आणि त्याच्या भाऊबंदांना लाभले आहे. गोरिला, ओरांगउटान किंवा चिंपांझीच्या मूत्रात तीच साधी पट्टी बुडवली तरी रेघ उमटते, आणि अनेक संग्रहालयांत तसे केले जाते. पण अस्वलाच्या, मांजराच्या, हत्तीच्या, गेंड्याच्या कुळात ही पट्टी चालत नाही. माणसासाठी बनलेला ‘होय की नाही’ हा साचा आपण पांडावर लादतो आणि तो बसला नाही की पांडाला लबाड ठरवतो.

आणि माणसाची ती साधी पट्टी तरी कुठून आली? १९२७-२८ च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी स्त्रीचे मूत्र उंदराच्या लहान पिल्लांना टोचून, काही दिवसांनी ती मारून, त्यांची अंडाशये तपासण्याची पद्धत काढली. १९३१ मध्ये अमेरिकेत फ्रीडमन यांनी उंदराच्या जागी ससा आणला. स्त्री गर्भवती असो वा नसो, ससा मारूनच पाहावा लागे. पुढे हॉगबेन यांच्या कामातून दक्षिण आफ्रिकेतला झेनोपस बेडूक पुढे आला. गर्भवतीचे मूत्र टोचले की तो काही तासांत अंडी घाली आणि जिवंत राही. त्याचे हजारो जीव आफ्रिकेतून जहाजांनी आणि विमानांनी जगभरच्या दवाखान्यांत पोचवले गेले. आपल्या घरातला पाळणा हलणार की नाही हे कळावे म्हणून आपण तीस-चाळीस वर्षे उंदीर, ससे आणि बेडूक खर्ची घातले. त्याच ज्ञानाच्या वंशातली तपासणी आज एखाद्या प्राण्याला न दुखवता त्याच्या पोटाची खबर देते, तर तिच्यावर होणारा खर्च ‘प्राण्यांचे लाड’ म्हणून हिणवला जावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शिवाय ‘चाचणी चुकते’ म्हणणारे हे विसरतात की प्रोजेस्टेरॉन उत्तर देत नाही असे कळल्यावर संशोधक हात बांधून बसले नाहीत. २०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पांडाच्या मूत्रातल्या सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाकडे लक्ष वेधले. गर्भ असेल तर ते पहिल्या आठवड्यापासूनच चढते, रिकाम्या गर्भावस्थेत तसे चढत नाही, आणि चढून मध्येच पडले तर गर्भ गेल्याचा संशय घेता येतो. स्पेनमधल्या आयबेरियन लिंक्सची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. या रानमांजराच्या अंडाशयात प्रोजेस्टेरॉन बनवणाऱ्या गाठी इतका दीर्घकाळ टिकतात की तिच्या बाबतीत प्रोजेस्टेरॉन मोजणे म्हणजे भिंतीवर डोके आपटणे. बर्लिनच्या लायब्निझ संस्थेतल्या संशोधकांनी वारेशी संबंधित रिलॅक्सिन हे संप्रेरक शोधायचे ठरवले, पण त्यासाठी रक्त हवे आणि मादीला हात तर लावायचा नाही. तेव्हा त्यांनी ढेकणाच्या नात्यातले मोठे रक्तपिपासू किडे मादीच्या झोपायच्या बुचाच्या फळीत लपवले. किडा रक्त पिऊन टम्म झाला की त्याच्याकडून ते काढून घ्यायचे. पुढे मूत्रातही रिलॅक्सिन पकडता आले, आणि गर्भारपणाच्या उत्तरार्धात मांजरकुळातल्या माद्यांच्या मूत्रात व विष्ठेत वाढणारा प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकासारख्या द्रव्याचा एक अवशेष हाती लागला, जो रिकाम्या गर्भावस्थेत वाढत नाही. २००२ च्या सुमारास शंभराच्या आसपास उरलेली ही लिंक्स २०२३ च्या गणनेत दोन हजारांवर गेली. हे श्रेय मूत्राच्या नळ्यांना देणे हास्यास्पद ठरेल. ससे, झुडपे, सुरक्षित रस्ते आणि गावकऱ्यांचे सहकार्य यांनी ते घडवले. पण रानात सोडायला पिल्ले लागतात, आणि त्यातली अनेक पिल्ले ज्या प्रजनन केंद्रांत जन्मली तिथे कोणती मादी केव्हा विणार हे वेळेवर कळणे ही चैन नव्हती.

‘गर्भ गेला’ हे कळून तरी काय फायदा, असाही एक प्रश्न विचारला जातो, आणि एडिनबरा पाहिल्यावर तो रास्त वाटतो. त्याला माझे उत्तर अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयातली एमी ही गेंड्याची मादी आहे. सुमात्रा गेंडा ही जगातली अत्यंत दुर्मीळ जात. बंदिवासात तिचे पिल्लू पूर्वी जन्मले होते ते १८८९ साली आपल्या कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे काही नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी एमीवर सोनोग्राफी आणि संप्रेरके अशी दुहेरी नजर ठेवली गेली, तेव्हा दिसले की ती गाभण राहत होती आणि पहिल्या तीन महिन्यांतच गाभडत होती. एकदा नव्हे, पाच वेळा. ही नजर नसती तर नोंदवहीत एकच शब्द पडला असता: वांझ. सहाव्या वेळी तिला रोज तोंडावाटे प्रोजेस्टेरॉनसारखे औषध दिले गेले आणि १३ सप्टेंबर २००१ रोजी अंदालास जन्मला. तो पुढे सुमात्रात परत नेला गेला आणि २०१२ मध्ये वे कंबासच्या अभयारण्यात त्याला स्वतःचे पिल्लू झाले. पाच अपयशांची नोंद ठेवणे हेच त्या जन्माचे भांडवल होते. गावाकडे एखादी गाय दोन-तीनदा फळली नाही की तिला भाकड म्हणून बाजार दाखवतात. ती फळलीच नव्हती की फळून गाभडली होती हे कोणी पाहत नाही, आणि दोन्हींवरचा इलाज वेगळा असतो.

प्राण्यांना बंदिस्त ठेवून त्यांची वीण वाढवणेच मुळात अयोग्य आहे, असे मानणाऱ्यांशी माझे भांडण नाही. जंगल उरले नाही तर पिंजऱ्यातल्या पिल्लांचे करायचे काय, हा त्यांचा प्रश्न जड आहे, आणि केवळ प्रेक्षकांना गोजिरवाणे पिल्लू दाखवण्यासाठी केलेल्या विणीला मी पाठिंबा देणार नाही. मात्र ही तपासणी दोन्ही दिशांना उपयोगी आहे हे त्यांनी पाहावे. जिथे वीण नको असते तिथे मादी माजावर कधी येते हे आधी कळले तर नर-मादी वेळीच वेगळे ठेवता येतात, नको असलेली पिल्ले जन्मत नाहीत. मूत्राचा प्रत्येक वापर सौम्य असतो असेही मी म्हणत नाही. १९४० च्या दशकापासून औषधासाठी इस्ट्रोजेन मिळवायला घोड्या सतत गाभण ठेवून, अरुंद ठाणांत बांधून त्यांचे मूत्र गोळा केले गेले, ती या ज्ञानाची काळी बाजू आहे. फरशीवर सांडलेले मूत्र उचलणे आणि मूत्रासाठी जनावर बांधणे यांतला फरक मात्र कोणालाही दिसावा.

राहिला घोषणांचा प्रश्न, आणि इथे मी संग्रहालयांच्या बाजूने उभा राहणार नाही. आपल्याकडे कुनोमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून चित्ते आले आणि पंधरवड्याच्या आत आशा नावाची मादी गाभण असल्याच्या बातम्या झळकल्या. चित्त्याचा गर्भकाळ सुमारे ९३ दिवसांचा असतो, आणि गर्भाविना गर्भावस्था साधारण ५५ दिवसांनी ओसरते. म्हणजे पहिल्या दोन महिन्यांत लक्षणे पाहून काहीही ठामपणे सांगणे धोक्याचे, हे चित्त्याशी परिचय असलेल्या कोणालाही ठाऊक असते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसे झाले. त्या वेळी पिल्ले झाली नाहीत. आशाला पिल्ले झाली ती जानेवारी २०२४ मध्ये. मधल्या काळात टोमणे कोणाला बसले? चित्त्यांना आणि ‘तज्ज्ञांना’. यावर काहीजण सुचवतात की जन्म होईपर्यंत संग्रहालयांनी अवाक्षर काढू नये. मला हे पटत नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने मौन पाळले की पहिल्यांदा लपतात ती अपयशे. एमीचे पाच गर्भपात गुपित राहिले असते तर जगातल्या दुसऱ्या गेंडापालाला त्यातून काय शिकता आले असते? सांगावे, पण आलेख जसा आहे तसा सांगावा: प्रोजेस्टेरॉन चढले आहे, या जातीत ते गर्भ असो वा नसो चढते, अमुक तारखेच्या सुमारास ते उतरेल, खात्रीचा दर्शक तपासला आहे किंवा नाही. वॉशिंग्टनने बहुतेक वर्षी असेच सांगितले आणि तिथले लोक पाच रिकाम्या वर्षांनंतरही कॅमेऱ्यासमोर बसून राहिले. वाचकाला अनिश्चितता पचत नाही, हा वृत्तसंपादकांचा समज आहे. पावसाचा अंदाज ऐकून पेरणीचा निर्णय घेणाऱ्या समाजाला शक्यतेची भाषा समजत नाही असे कसे म्हणता येईल?

भारतात हे सारे परग्रहावरचे वाटण्याचे कारण नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संस्थेची लॅकोन्स ही प्रयोगशाळा संकटग्रस्त प्राण्यांची संप्रेरके विष्ठेतून मोजण्याचे काम अनेक वर्षे करते आहे. तिथल्या प्रयत्नांतून कृत्रिम रेतनाने चितळाचे पाडस २००६ मध्ये आणि काळविटाचे २००७ मध्ये जन्मले. आपल्याकडची खुली, मातीची आवारे पाहता विष्ठा गोळा करणे सोपे, मूत्र जमिनीत मुरते, हा आक्षेप बरोबर आहे. विष्ठेतला आकडा आतड्यांच्या प्रवासामुळे अर्धा-एक दिवस मागचा असतो, पण गर्भ ओळखायला तेवढा उशीर चालतो. तरीही आपल्या बहुतेक संग्रहालयांत वाघ, बिबटे, अस्वले रात्री सिमेंटच्या फरशीच्या कक्षांत असतात, आणि सकाळी तीच फरशी पाण्याच्या फवाऱ्याने धुतली जाते. फवारा मारण्याआधीची पाच मिनिटे एवढाच प्रश्न आहे. फरशीला एका कोपऱ्याकडे थोडा उतार, तिथे एक छोटी वाटी बसेल असा खळगा, काही सिरिंजा, एक शीतपेटी, आणि रोज सकाळी हे काम करणाऱ्या रखवालदाराचे नाव व वेतनात त्या कामाची दखल. नमुने महिन्यातून एकदा प्रयोगशाळेत गेले तरी चालते, कारण गोठवलेले मूत्र वाट पाहू शकते. रखवालदाराला आपल्या वाघिणीविषयी जे नजरेने कळते ते कोणत्याही तबकडीपेक्षा कमी मोलाचे नाही. पण तो बदली होऊन गेला की ते ज्ञान त्याच्याबरोबर जाते, आणि त्याच्या मागे आलेल्या माणसाला गेल्या वर्षी हिचे प्रोजेस्टेरॉन कोणत्या आठवड्यात उतरले होते हे सांगणारी एक वहीसुद्धा हाताशी नसते. ती वही आधी सुरू व्हावी. त्यातल्या पहिल्या दोन-तीन वर्षांच्या पानांवर एकाही पिल्लाची नोंद नसली, तरी ती पाने फाडून टाकू नयेत.